महाडचं बेट झालं तेव्हा

"दासगावला रस्त्यावर कमरेएवढं पाणी हाय. गाडी हितंच थांबणार!" कंडक्टर मालोजीने दारातून ओरडून सांगितलं, आणि साळूबाई बाकावरून अर्धी उठली.

"किती वेळ?"

"ते सावित्री नदीमाईला विचारा. राज्य नवं झालं, पाणी जुनंच हाय!"

सगळी गाडी हसली. साळूबाई हसली नाही. तिने फडक्यात गुंडाळलेलं दहा-बारा दिवसांचं पोर छातीशी घट्ट धरलं आणि मागच्या काचेतून पोलादपूरच्या रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. पण रिकाम्या रस्त्यावर माणूस दिसायला कितीसा वेळ लागतो?

शेजारच्या बाकावरची म्हातारी प्रयागबाई मात्र अशी खुलली, जणू तिला जत्रेलाच सोडलंय. मुंबईला मुलाकडे निघाली होती ती. "अडकलो तर अडकलो! चल गो पोरी, महाड बघून घेऊ. गाडीत बसून काय अंडी उबवायची?"

"नको. मी हितंच बरी."

"आणि पोराला दूध? त्या समोरच्या हसनच्या हॉटेलात मिळंल."

दूध म्हटल्यावर उठणं भागच होतं. साळूबाई पायरीवरून टुणकन खाली उतरली.

"बाळंतीण असून हरणीवानी उड्या मारतेस गो! आमी महिनाभर भिंत धरून चालत होतो."

हसनने पेलाभर कोमट दूध आणून दिलं. साळूबाई कापसाची वात त्यात बुडवून पोराच्या ओठांवर टेकवू लागली. नजर सारखी रस्त्याकडे जात होती, अर्धं दूध पोराच्या गळ्यावरच ओघळलं.

"अंगावर नाय पाजत?" प्रयागबाईने विचारलं.

"दूध नाय येत."

"कसं येईल? पाखरासारखी घाबरलीस." प्रयागबाईने पदराने पोराचा गळा पुसला, आणि तिचा हात थबकला. पोराच्या नाकपुडीत काळा दोरा ओवलेला होता, आधीची पोरं दगावली की ओवतात तसा. म्हातारीचा आवाज एकदम खाली आला. "आधीची किती गेली?"

"तीन."

"एकाच घरात?"

"एकाच उंबऱ्याच्या आत. पोर येतं, हसायला लागतं, आणि..." साळूबाईने पोराला आणखी जवळ ओढलं. "त्या घरात पोर जगत नाय, आजी. हा तिथं गेला तर हा पण जाईल. मी नाय देणार."

"म्हणून गुपचूप निघालीस?"

साळूबाईने मान डोलावली.

"मागं कोण येईल?"

"येईल. आज येईलच."

एवढं ऐकूनही प्रयागबाई तिला घेऊन बाजारात हिंडलीच. भ्यायचं असेल तर चालता चालता भ्यावं, असं तिचं म्हणणं! बांगड्यांच्या दुकानात तिने तासभर घासाघीस केली आणि काहीच घेतलं नाही. साळूबाईचं लक्ष सगळं रस्त्यावर. कुठे मोटारीचा भोंगा वाजला की ती दुकानाच्या खांबाआड व्हायची, पोराच्या तोंडावर पदर ओढायची. एकदा मागून कुणीतरी "अगो ए!" अशी हाक मारली, तर ती पोराला घेऊन दुकानाच्या आतच शिरली. हाक दुसरीलाच होती.

शेवटी दोघी चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर टेकल्या. पोर झोपलं होतं. प्रयागबाईने पानाची चंची सोडली.

"भिऊ नको. माझी पण तीन गेली. चौथा झाला, तसा नाळ कापल्या कापल्या शेजारणीच्या ओटीत घातला. म्हटलं, हा तुझा, माझा नाय. मी आपली परक्यासारखी पाजायला जायची! बारशाच्या दिवशी तिला सूपभर कोंडा दिला आणि पोर विकत घेतलं. म्हंजे पोरं नेणारी सटवी फसते, तिला वाटतं हे दुसऱ्याचंच. म्हणून नाव ठेवलं कोंडाजी. आता गोदीत हमाल हाय. दोन पोती एका दमात उचलतो!"

"आणि त्या शेजारणीनं दिला परत?"

"हा काय प्रश्न झाला? दिला की! रडली मात्र ढसाढसा. बारा दिवसांत लळा लागतो गो."

साळूबाईने झोपलेल्या पोराला पदराखाली ओढून घेतलं.

तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडत गेलं, पोलादपूरकडचा रस्ताही पाण्याखाली गेला! पुढे पाणी, मागे पाणी. महाडचं बेट झालं.

लोक कपाळावर हात मारत होते. साळूबाईने मात्र डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. "आता तिकडून कुणी येणार नाय ना?"

"मासा आला तर!"

त्या दिवसात ती पहिल्यांदाच हसली. हसनच्या हॉटेलात गरम कांदाभजी खाल्ली, बोटं चाटली, पोराच्या टाळूचा मुका घेतला. प्रयागबाईने काजळाची तीट लावली तर नको म्हणाली नाही.

उतरत्या दुपारी दासगावचं पाणी ओसरलं. मालोजीने घंटी ओढली आणि गाडी मुंबईच्या दिशेने हलली. साळूबाईने पाय सैल सोडले. पोराने तिचं बोट मुठीत धरलं होतं.

तिकिटं तपासत मालोजी त्यांच्या बाकाशी आला. "मागं पोलादपूरच्या वाटेवर काय चाललंय, ऐकलंत का? होडीवाला सांगत होता. पाण्याच्या पल्याड एक ओली बाळंतीण दुपारपासून उभी हाय. लोक मागं ओढतायत, ती हलत नाय. पावसात नखशिखांत भिजली. घोंगडी हाय तिच्याजवळ, पण ती अंगावर घेत नाय, हातातल्या सुपावर धरून उभी!"

"असं काय हाय त्या सुपात?" प्रयागबाईने विचारलं.

"कोंडा."