टेकलं की हो म्हणा

ड्रायव्हरने मोजे काढले आणि दोन्ही पाय समोरच्या खुर्चीवर ठेवले. मोजे त्याने घाईघाईने खिशात कोंबले, कारण एकाला अंगठ्यापाशी भोक होतं आणि समोर बाईमाणूस बसलं होतं.

मधुमेहावर काम करणाऱ्या एका संस्थेने बस डेपोशी हातमिळवणी केली होती. ज्याला शुगर आहे त्या प्रत्येक ड्रायव्हरचे पाय तपासायचे, तेही फुकटात. काही निघालं तर स्टिअरिंग सुटणार आणि तिकीट खिडकीमागची खुर्ची नशिबी येणार, ही धास्ती सकाळच्या दोन फेऱ्या मारतानाही त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. धीर द्यायला त्याचा कंडक्टर आला होता. तो एकटाच चौघांइतकं बोलायचा.

संस्थेच्या नर्सने दांडीला लावलेला एक बारीक नायलॉनचा दोरा दाखवला. आधी ड्रायव्हरच्या मनगटावर टेकवला.

"कळलं?"

"गुदगुल्या झाल्या."

"हां. आता डोळे मिटा, काका. पायाला असंच करीन. टेकलं की 'हो' म्हणा."

त्याने डोळे घट्ट मिटले. बाहेर कुणीतरी बस रेस करत होतं. वर पंखा कुरकुरत होता. नर्स बहुतेक पेन शोधत असावी. आजकालची पोरं एक काम धड सुरू करतील तर शपथ.

कंडक्टर खोकला.

याला नेमका आत्ताच खोकला यायचा होता. तो पुन्हा खोकला, या वेळी जरा ओढूनताणून.

"हो रे बाबा, हो! ऐकू येतंय!" ड्रायव्हर वैतागून म्हणाला.

"हो?" नर्सने विचारलं. "कुठे कळलं?"

"काय कुठे?" तो पार गोंधळला. "ताई, तुम्ही सुरू तर करा. माझी गाडी लागायची वेळ झालीय."

कंडक्टर गप्प होता, आणि त्याचंच ड्रायव्हरला नवल वाटलं. त्याने डोळे उघडले.

दोरा त्याच्या उजव्या अंगठ्यावर होता. दाबून दाबून पार वाकला होता. त्याने अंगठा हलवून पाहिला. हलला. म्हणजे पाय त्याचाच होता.

"हे... कधी सुरू केलंत?"

"दोन्ही पाय झाले, काका," नर्स हळूच म्हणाली. "घाबरू नका. आता कळलंय तर पाय जपता येतील. डॉक्टरांना दाखवू. पण तोवर गाडी नको."

ती आणखी बरंच सांगत होती. त्याच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, कंडक्टरकडे पाहिलं, मग पुन्हा त्या अंगठ्याकडे.

"मग सकाळपासून," त्याने विचारलं, "ब्रेक कोण दाबत होतं?"