एक थेंब जास्त

“अजून एक थेंब,” गुंडुराव म्हणाले आणि लाल रंगाची बाटली पुन्हा क्रीमवर तिरपी केली.

“साकु हो, पुरे.” कानडीत आणि मराठीत एकदमच थांबवत गंगाबाईंनी त्यांचं मनगट धरलं. “फोनात दिसतोय तसाच झालाय की रंग.”

“आता झालाय. वाळल्यावर उतरेल. रंग नेहमी एक थेंब जास्तच घालायचा.”

“जित्याची खोड...” गंगाबाई म्हणाल्या आणि पुढचं त्यांनी गिळलं. दिवाळीपासून त्या घरात ही म्हण कुणी पुरी करत नव्हतं.

थेंब पडलाच. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या या घराच्या मागल्या अंगणात पन्नास वर्षं रंगाचे हंडे उकळले होते. ओलं कापड गडद दिसतं, वाळलं की फिकं पडतं, हे गुंडुरावांच्या बोटांना पाठ होतं. केक मात्र त्यांनी जन्मात केला नव्हता. केक करायचा त्यांचा मुलगा हर्ष, तिकडे बेंगळुरात. लेकीच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की पहिल्याच दिवशी. तीन थर, मध्ये आंब्याचा रस, वरून गुलाबी क्रीम.

बापलेकांचं जमलं नाही. हर्षने हंड्यांकडे पाठ फिरवून ऑफिसातली नोकरी धरली, तेव्हा गुंडुराव भरल्या पंगतीत म्हणाले होते, “याच्या हाताला माझा रंग लागलाच नाही.” त्यानंतर मुलगा सणासुदीला यायचा, जेवायचा, जायचा. पण दर उन्हाळ्यात केकचा व्हिडिओ मात्र बापाला न चुकता पाठवायचा. बाप तो चारचारदा बघायचा आणि उत्तर द्यायचा नाही. अडेलतट्टू माणूस, दुसरं काय.

शेवटचा व्हिडिओ गेल्या वर्षीचा. बारा सेकंदांचा. पातेल्यात कमळासारखं फिकं क्रीम, हर्षच्या हातात रंगाची बाटली अजून उघडीच. “अप्पा, रंग बघा. जमलाय?” एवढं विचारतो आणि व्हिडिओ संपतो. जमला होता. गुंडुरावांना ते तेव्हाच दिसलं होतं. एक शब्द लिहायचा होता, तेवढा राहिला. दिवाळीनंतर हर्षला ताप आला आणि आठव्या दिवशी तो गेला.

तेव्हापासून दहा वर्षांच्या मेघाश्रीने ‘पप्पा’ हा शब्द तोंडातून काढला नव्हता. ती रडलीही नव्हती. “या सुट्टीत केक नको म्हणते,” सुनेने, सुप्रीताने, फोनवर सांगितलं. “मामंजी, मला तिची भीती वाटते हो.” त्या दोघी आज दुपारच्या गाडीने म्हैसूरला येणार होत्या. म्हणून हा सारा खटाटोप. तोच केक, अगदी तोच रंग समोर दिसला तर पोर बोलेल, रडेल, काहीतरी करेल, एवढीच म्हाताऱ्याची आशा.

गंगाबाईंनी कुकरात वाळू घालून तीन चकत्या भाजल्या होत्या. एक खालून करपली, ती तळाला गेली. थरांमध्ये रसपुरी आंब्याचा आटवलेला रस पसरला. फोन साखरेच्या डब्याला टेकवून गुंडुरावांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला आणि दर वेळी “अप्पा, रंग बघा” ऐकून घेतलं. मग त्यांनी केकच्या काठाने क्रीमची वेल काढली, साडीच्या काठावर काढावी तशी. केक फ्रीजमध्ये ठेवला, रंग उतरायला.

चार वाजता त्यांनी फ्रीज उघडला आणि ते तसेच उभे राहिले.

रंग उतरला नव्हता. चढला होता. कमळाचं डाळिंब झालं होतं. क्रीमचा रंग वाळत नाही, मुरतो, हे पन्नास वर्षांच्या रंगाऱ्याला कोण सांगणार?

“खरवडून काढतो,” ते सुरी शोधू लागले. “नवीन लावतो.”

“क्रीमला लोणी कुठलं आता?” गंगाबाई म्हणाल्या. “असू दे हो. पोर काय रंग चाखणार आहे?”

“तिला तो ओळखू आला पाहिजे ना.” गुंडुराव सुरी शोधतच राहिले. “मुलाला एक शब्द दिला नाही. नातीला एक रंगसुद्धा धड देता येऊ नये मला?”

बाहेर ऑटो थांबली. सुप्रीता बॅग घेऊन आत आली, मागून मेघाश्री. गुंडुराव केकच्या पुढे उभे राहिले. पण माणूस काडीसारखा, त्यांच्या आड तीन थरांचा केक कसा लपावा? मेघाश्री वाकून बघत होती. मग ती जवळ आली आणि केकसमोर थांबली.

“चुकला गं पुट्टी,” गुंडुराव म्हणाले. “तुझ्या पप्पाचा फिका असायचा. मी व्हिडिओत बघितलाय. मला नाही जमला.”

मेघाश्रीने मान हलवली.

“नाही अज्जा. असाच असायचा.” तिने वेलीवरून बोट फिरवलं आणि ते लाल बोट त्यांच्यापुढे धरलं. “व्हिडिओ पाठवून झाला की पप्पा अजून एक थेंब घालायचे. ‘अज्जा असंच करतात, वाळलं की उतरतं,’ म्हणून सांगायचे. दर वर्षी. कधीच उतरला नाही.”