लोणचं हलवणे

हेमांगीच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं, पाठोपाठ फोन वाजला आणि फ्रिजचं दारही उजळलं. घरच्या कामांच्या यादीत ‘बरणीतलं लोणचं हलवणे’ या तिच्या नवऱ्याच्या, अच्युतच्या कामासमोर ‘झालं’ अशी खूण उमटली होती.

अच्युत तर तिने दिलेली लोणच्याची बरणी घेऊन शनीच्या वाटेवर होता! त्याच्या यानाचा संपर्क तुटून पंधरवडा उलटला होता आणि अंतराळ केंद्र आता शोध थांबवणार होतं.

तिने घाईघाईने केंद्रात फोन लावला. “देवस्थळी भाऊजी, तो आहे! आत्ता त्याने खूण केलीय!”

अच्युतचा मित्र देवस्थळी चाचरला. “वहिनी, अशा खुणा यंत्रं आपोआपही करतात हो. उगाच आशा लावून बसू नका.”

एवढ्यात तिन्ही पडदे पुन्हा उजळले. खुणेखाली अच्युतची टीप आली होती. लग्न झाल्यापासून जी तक्रार ऐकून तिचं डोकं उठायचं, तीच वाचून हेमांगी स्वयंपाकघरात उड्या मारायला लागली.

“भाऊजी, वळवा सगळ्या अँटेना तिकडे! खूण यंत्र करेल, पण माझ्या लोणच्याला नावं कोण ठेवणार? ऐका काय लिहिलंय ते : ‘मीठ कमी पडलंय.’”