पडद्याची कड

लेकीला न्यायला आलेल्या लक्ष्मम्माला प्रेमलाचं वागणं पटत नव्हतं. पहिलटकरीण पोरगी, सातवा सरत आलेला, आणि म्हणे बाळंतपणाला माहेरी यायचं न्हाय! दिवस बुडाला की नवऱ्याला चिकटून बसते. लाज कशी ती न्हाय.

"मी जा म्हणतो, अक्का," ईरण्णा हसून म्हणे. "तीच ऐकंना."

ईरण्णा लक्ष्मम्माचा धाकटा भाऊ आणि जावईही. मामाला भाची द्यायची चालच होती. हैदराबाद राज्य मोडून जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या साली त्यानं आपणहून मागणी घातली. हुंडा नको, मानपान नको. लक्ष्मम्मा चारचौघींत मिरवली होती, "भाऊ असावा तर असा!"

"अव्वा, पुढच्या खेपेला येईन," प्रेमला खाली बघत म्हणाली.

"पुढची खेप! आधी ही तर नीट होऊ दे."

तेवढ्यात बाहेर निघालेल्या ईरण्णाच्या कानशिलाला उघडं कवाड लागलं. डोळ्यापर्यंत सूज आली. उमरग्याच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर लागलं होतं. तो नको नको म्हणत राहिला. लक्ष्मम्मानं गाडी जुंपायला लावली. प्रेमलाही त्याच्या शेजारी चढून बसली.

वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या टांगून अंधार केला होता. डॉक्टरांच्या कपाळाला दिवा, हातात भिंग. थेंबांनी बाहुली मोठी करून, "वर बघा, कानाकडं बघा," म्हणत ते डोळ्याच्या आतल्या पडद्याची कड धुंडाळत होते.

"मधला भाग शाबूत आहे. कड गेलीय. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. अंधारात तर काहीच नाही."

"कवाड लागल्यानं झालं व्हय?" लक्ष्मम्मा पुढं सरकली.

"नाही बाई, जुनं आहे." ते थबकले. "घोड्याच्या नालासारखा हा व्रण... तुम्ही हैदराबादला आला होतात माझ्याकडं. राज्य मोडायच्या आधी."

"म्या न्हाय, साहेब. दुसरा कुणी असंल."

"तोंडं मी विसरतो. हा पडदा मी रंगीत पेन्सिलीनं उतरवून घेतला होता. औषध नाही, नजर आत आत येत जाणार, हे तेव्हाच सांगितलं. लग्न झालेलं नव्हतं तुमचं. दिवस मावळल्यावर धरून न्यायला कायमचं माणूस बघा, म्हटलं होतं. बघितलंत का कुणी?"



लक्ष्मम्मानं खिडकीवरची घोंगडी ओढून काढली. उन्हाचा लोट आत आला तसं ईरण्णानं दोन्ही हातांनी डोळे झाकले.

"चल घरला, प्रेमला," ती म्हणाली. "म्या लेक दिली व्हती, काठी न्हाय."