अडुळशाचा पहिला नंबर

फेरतपासणीत अडुळशातला रेणू पहिल्या नंबरावरून थेट चारशे बाराव्यावर गेला, तेव्हा अश्लेषाच्या पायाखालची जमीन सरकली.

संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत सकाळपासून ती एकटीच होती. करोनाच्या विषाणूला वाढायला एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. त्या विकराच्या खोबणीत कोणता रेणू घट्ट बसेल, हे कम्प्युटर हजारो रेणू बसवून बघतो आणि गुण देतो. म्हणजे नुसता अंदाज. पण गेल्या महिन्यात अडुळसा पहिला आला आणि तिला राहवलं नाही. फेरतपासणीच्या आधीच तिनं गावी फोन केला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! सिल्लोडजवळच्या त्या गावात तिच्या वडिलांनी, आबांनी, ही बातमी घरोघर पोचवली.

आता आबाच तापानं फणफणले होते. ऑक्सिजन ब्याऐंशीवर आला होता. तालुक्याला खाट मिळाली होती, जीप दारात उभी होती. पण दवाखान्याचं नाव काढलं की ते म्हणायचे, पोरीचं औषध चालू आहे. आई आवडाबाई बिचारी दिवसातून तीनदा अडुळशाचा काढा उकळत होती. लेकीवर तिचा देवापेक्षा जास्त भरवसा.

चूक साधीच होती. खोबणीभोवती जी चौकट आखायची, ती अश्लेषानं जरा बाजूला आखली होती, म्हणून सगळे गुणच चुकले होते. तिला स्वतःची भयंकर चीड आली. तिनं घरी फोन लावला आणि आबांनाच मागितला.

"आबा, माझं चुकलं. अडुळशानं काहीच होत नाय. जीपमधी बसा."

पलीकडून धाप ऐकू आली.

"मला पयल्यापासून ठाव हाय, माय," आबा हळू आवाजात म्हणाले. "काढ्यानं कुठं असला आजार जातो व्हय? पण आपला शेजारचा कडुबा दवाखान्यात गेला, अन् त्याचं तोंड बी कुणाला दिसलं नाय. तुझ्या औषधाचं नाव घेतलं की तुझी आई मला घरी राहू देती. तिला काय सांगू नको."

अश्लेषा रडली. मग तिनं त्यांना फोन आईकडं द्यायला सांगितलं.