वरच्या वस्तीचा हिवाळा

रेडिओवरची बाई हिवाळ्याचा अंदाज सांगत होती. यंदा डोंगरपट्ट्यात थंडी नेहमीपेक्षा जास्त पडेल, बर्फही जास्त. पहिला मोठा बर्फ लवकरच येईल आणि वरच्या वस्त्यांचे रस्ते एकदा बंद झाले की...

फिदेन्सिओने हात लांबवून रेडिओ बंद केला.

"सेल संपत आलेत," तो म्हणाला आणि पाठ फिरवून चुलीत लाकूड सारू लागला.

डेल्मिरा कणीक मळत राहिली. सेल त्याने परवाच नवे घातले होते. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाला धड खोटं बोलायला जमलं नव्हतं. हे नेलिदाच्या कानावर जायला नको, एवढंच त्याच्या मनात असणार. लेक शहरातून आली होती, महिनाअखेरीला जाईन म्हणत होती. त्याआधी रस्ता बंद झाला, तर वसंत येईपर्यंत ती इथेच.

खिडकीबाहेर दरी ढगाने काठोकाठ भरली होती. लेंगाच्या झाडांची लाल पानं त्या ढगात एकेक करून बुडत होती. बघता बघता डेल्मिराला पुढचा सगळा हिवाळा दिसू लागला. खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ चढलाय आणि घरात निळसर उजेड पसरलाय. बाहेरून कसलाच आवाज येत नाही. बकऱ्यांच्या गोठ्यापर्यंत बर्फात खणलेली बोळ आहे. चुलीशी तिघं बसलेत, ‘माते’ नावाच्या कडू चहाचा भोपळ्याचा पेला या हातातून त्या हातात फिरतोय आणि नेलिदा केस मोकळे सोडून आईच्या गुडघ्याला टेकलीय. कुणाला कुठे जायचं नाही. जाताच येत नाही. आपण फक्त गप्प बसायचं, बाकीचं बर्फ करेल.

ती मळत राहिली, कणीक पार सैल पडली तरी.

मग त्या निळ्या उजेडात एक पोरगी येऊन उभी राहिली. शाळेचा पांढरा डगला घातलेली, एक वेणी सुटलेली. नेलिदाची मुलगी, रायेन. शहरात दुसऱ्या आजीकडे ठेवलेली. ती काही मागत नव्हती, रडत नव्हती, नुसती आईकडे बघत होती.

डेल्मिराने हात तसेच पिठाचे ठेवून दार उघडलं.

नेलिदा झऱ्यावर बादली भरत होती.

"उद्या शेजारच्या किलापानचा ट्रक खाली शहराकडे चाललाय," डेल्मिरा म्हणाली. "तू त्यात बस."

"का गं? कंटाळलीस मला?"

"हो. फार खातेस."

नेलिदा हसली. आई हसत नाही हे पाहून तिने बादली खाली ठेवली.

"बर्फ लवकर येणारे," डेल्मिरा म्हणाली. "आणि पुष्कळ येणारे. रेडिओवर सांगत होते, तर तुझ्या बापाने मध्येच बंद केला. तुला कळू नये म्हणून. त्याच्यावर रागावू नकोस, पोरी. म्हातारा झालाय. तुला सोडवत नाही त्याला."

नेलिदाने ओले हात पुसले.

"आई, बाबांनी मला सकाळीच सांगितलं," ती म्हणाली. "किलापानकडे जाऊन माझी जागाही सांगून आलेत. म्हणाले, आईला उद्यापर्यंत कळू देऊ नकोस. आजचा दिवस तरी तिचा सुखात जाऊ दे."

ढग चढत चढत झऱ्याशी आला होता. दोघींचे पाय त्यात दिसेनासे झाले. डेल्मिरा वाकली आणि तिने पिठाचे हात पाण्यात घातले. पाणी हाडापर्यंत गार होतं. तिने हात सावकाश धुतले, एकेक बोट चोळून, जणू तेवढंच काम उरलं होतं.

"मग मला काही कळलेलं नाही," ती म्हणाली. "चल, बादली उचल."

त्या घरात शिरल्या तेव्हा फिदेन्सिओ कढईशी झटत होता. सैल कणकेच्या त्याने कशाबशा पुऱ्या थापल्या होत्या, कुठे जाड, कुठे भोकं पडलेल्या.

"किती वेळ लागला पाण्याला," तो म्हणाला.

"तुझ्या लेकीची बडबड," डेल्मिरा म्हणाली. "सरक, म्हाताऱ्या. जाळशील सगळ्या."

तिघं जेवायला बसली. फिदेन्सिओने त्यातल्या त्यात बरी पुरी निवडून बायकोपुढे ठेवली.

"यंदा बर्फ कमीच पडेल असं दिसतंय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"हो," डेल्मिरा म्हणाली. "मलाही तसंच वाटतंय."

खिडकीबाहेर, अजून दिवस मावळायचा होता तोवरच, पांढरं काहीतरी तरंगत खाली येऊ लागलं. तिघांपैकी कुणीच तिकडे पाहिलं नाही.