मेलेला काटा

धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी गाडीचा काटा मेला. वेगही कळेना, किलोमीटरही. सेन्सर गेला असेल, असं म्हणत घड्याळजीनं गाडी चार वर्षं तशीच रेटली.

आज मात्र तो तिच्याखाली शिरला होता.

"राहू द्या ना तसाच," पायरीवर सदऱ्याला बटण लावत बसलेली बायको म्हणाली.

"आणि मेलेला काटा घेऊन दादाकडे जाऊ? त्याला तेवढंच हवंय."

त्याच लग्नाच्या जेवणात थोरला भाऊ चारचौघांत म्हणाला होता, "वडिलांचं घड्याळ यानंच बिघडवलं." घड्याळजीच्या ते जिव्हारी लागलं. घरी येताच त्यानं बायकोला शपथ घातली, "त्याचं नाव या घरात काढायचं नाही. मेला तरी कुणी मला सांगायचं नाही. कुणाला घेऊन गाडीनं तिकडे गेलीस, तर किलोमीटरवरून कळेल मला."

परवा त्यानं दुकानाला कायमचं कुलूप घातलं. राग बहुधा आतच राहिला.

"दहाचा पाना दे गं."

तो तिनं आधीच पुढे धरला होता.

"तुला कसं कळलं?"

"बत्तीस वर्षं काढली तुमच्याबरोबर. पाना कळणार नाही?"

बोल्ट सुटला. सेन्सर मात्र घट्ट बसला होता. तेल सोडून तो हळूहळू पिळू लागला.

"मोठी गमतीची गाडी आहे," तो खालून बोलतच होता. "इतकी वर्षं पेट्रोल ढोसत होती. सीट बघावी तेव्हा पुढे सरकलेली. या उन्हाळ्यापासून पेट्रोल कमी, सीटही जागच्या जागी. म्हातारपणी शहाणी झाली."

बायकोनं दातांनी दोरा तोडला. "होतं तसं."

सेन्सर निघाला, पण एकटाच. त्याच्या चक्राचे दात शाबूत. वायर मागे वेगळीच लोंबत होती. तिच्या टोकाला चिंधी गुंडाळून टाके घातले होते. घड्याळजीच्या सगळ्या सदऱ्यांच्या बटणांना तेच टाके होते.

तो सरपटत बाहेर आला.

"काटा मेला नव्हता."

"नव्हता."

"गाडी कोण चालवत होतं?"

"मी. दर शुक्रवारी, तुम्ही दुकानात असताना. भाऊजींकडे जात होते."

"तुला शिकवलं कुणी?"

"भाऊजींनीच. वायरही त्यांनीच काढायला लावली. म्हणाले, घड्याळं बिघडवणाऱ्याला बिघाड कुठला सापडतोय!"

घड्याळजी हसत सुटला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सेन्सर पुसून त्यानं परत बसवला, चिंधी उसवली, वायर खटकन जोडली.

"चल, तूच चालव. दादाला सांगतो, सापडला बिघाड!"

ती बसली. सीट पुढे ओढली. चावी मात्र फिरवेना.

"आधी सुटली म्हणा."

"काय?"

"शपथ."

"सुटली बाई, सुटली! चल आता."

"भाऊजी वारले," ती म्हणाली. "मार्चच्या सात तारखेला. शुक्रवार होता."